सुटली म्हण

सकाळी साडेसातला सोलनहून निघालेला निळा ठिपका साडेदहापर्यंत चांगला चालला होता. धरमपूरला तो थोडा थांबला, म्हणजे चहा झाला. परवाणूला थांबला, म्हणजे पाणी भरून घेतलं. काल्क्याच्या पुढे तर इतका भरभर सरकला की नलिनीताईंनी भेंडी चिरता चिरता त्याला "हळू गं" असं म्हणूनही टाकलं. आणि मग पिंजौरला येऊन तो जो थांबला, तो हलेचना.

ठिपका म्हणजे त्यांची नात चिन्मयी. सोळा दिवसांपूर्वी लेहहून सायकलवर निघाली होती आणि कन्याकुमारीला पोचायचं म्हणत होती. एकटीच. सव्वीस वर्षांची मुलगी, अंगावर दोन जोडी कपडे, सायकलीला चार पिशव्या. निघताना तिनंच फोनवर शिकवलं होतं, "आजी, नकाशावरचा हा ठिपका म्हणजे मी. तो दिसतोय तोवर काळजी करायची नाही." ठिपका दिसत असताना काळजी जास्त वाटते, हे या मुलांना कोण सांगणार.

नलिनीताईंनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला होता. पावणेअकरा झाले, अकरा झाले. पिंजौरला बाग आहे, बाजार आहे, ट्रकही पुष्कळ आहेत. फोन करावा तर ती सायकलवर असेल, एका हातानं उचलायला जाईल. न करावा तर इथे जीव राहत नाही. त्यांनी आमटीला फोडणी दिली, गॅस बारीक केला आणि स्टूल ओढून फोनसमोर बसल्या. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच चंदीगडात त्या अशाच बसायच्या. तेव्हा ठिपका नव्हता, कान होते.

रघुनाथराव हवाई दलात वैमानिक होते, मालवाहू विमानांवर. चंदीगडहून लेहला सामान न्यायचं, परत यायचं. डोंगरात दुपारी वारं उठतं म्हणून विमानं पहाटे सुटायची. कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये बायका चहाचं आधण ठेवता ठेवता मोजायच्या, किती गेली. नऊ-साडेनऊला परत मोजायच्या, किती आली. नलिनीताई लग्न होऊन नवीन आल्या, तेव्हा शेजारच्या मिसेस गिलनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं होतं. मिसेस गिलचा हात कणकेत होता. म्हणाल्या, "देखो नलिनी, एक बात गाँठ बाँध लो. फ्लाइंग से पहले न झगडा, न बुरी खबर. जो भी हो, उतरने के बाद."

नलिनीताईंनी ती गाठ बांधली. आज बहात्तराव्या वर्षीही ती सुटलेली नव्हती.

साडेबाराला ठिपका हलला, आणि पावणेदोनला खाली गेटवरच्या चौकीदारानं इंटरकॉम केला. "माताजी, एक लडकी आई है साइकल पे. बोल रही है लेह से आई है. भेज दूँ?"

"भेजो मत, मैं आ रही हूँ," म्हणत नलिनीताई चपला घालून जिना उतरल्या.

चिन्मयी गेटशी उभी होती. काळीठिक्कर झालेली, नाकाचं साल निघालेलं, डोळ्यांभोवती गॉगलचे दोन गोरे गोल. तिनं आजीला मिठी मारली तेव्हा घामाचा आणि डिझेलच्या धुराचा वास आला. सायकल तिनं भिंतीला टेकवली होती.

"हिला स्टँड नाही?" नलिनीताईंनी विचारलं.

"वजन वाढतं आजी. स्टँडचं अर्धा किलो."

"अगं, आणि टेकवायला भिंत नसेल तर?"

"आडवी करायची. नाहीतर कुणीतरी धरायची."

सेक्टर अठ्ठेचाळीसमधल्या त्या सोसायटीत लिफ्ट नव्हती. घर पहिल्या मजल्यावर. पिशव्या सोडायचा कंटाळा म्हणून दोघींनी सायकल तशीच वर चढवली, पुढचं चाक आजीच्या हातात, मागचा भार नातीकडे. वळणावर नलिनीताईंना दम लागला, तर चिन्मयी खालून म्हणाली, "आजी, तंगलंग-लाचा घाट यापेक्षा सोपा होता हं."

आंघोळ करून ती ताटावर बसली. भात, आमटी, भेंडी, तूप, लिंबू. पंधरा दिवस पराठे आणि मॅगी खाल्लेली मुलगी. पहिले चार घास तिनं काही न बोलता खाल्ले.

"पिंजौरला इतका वेळ काय करत होतीस?"

"झोपले होते. झाडाखाली."

"झोपली होतीस?"

"अगं मला कंटाळा आला. आज काही झालंच नाही. खरंच, काहीच नाही. पंक्चर नाही, चेन उतरली नाही, कुत्रं मागे लागलं नाही. सोलनपासून नुसता उतार. ट्रकवाले रोज विचारतात, कहाँ से, कहाँ तक, अकेली क्यूँ. आज एकानंही विचारलं नाही, अपमान वाटला मला. सदुसष्ट किलोमीटर आणि डायरीत लिहायला एक ओळ नाही. भात वाढ."

नलिनीताईंनी भात वाढला. काही झालं नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्यांनी रोज सकाळी देवाजवळ हेच मागितलं होतं, एवढेच शब्द, आणि ही पोरगी त्याबद्दल तक्रार करत होती. एरवी त्या हसल्या असत्या. आज हसू ओठापर्यंत येऊन मागे फिरलं, कारण शनिवारी गिरिजाचा फोन आला होता.

गिरिजा म्हणजे चिन्मयीची आई, नलिनीताईंची एकुलती मुलगी, नाशिकला असते. छातीत गाठ निघाली होती. तपासणीचा निकाल चांगला आलेला नव्हता. येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन. सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता, किराण्याची यादी सांगावी तसा. आणि लगेच म्हणाली होती, "चिनूला सांगायचं नाही. सोमवारी ती तुझ्याकडे येईल, तुझ्या तोंडावर दिसेल, म्हणून आधीच सांगते. माझी शपथ आहे तुला."

शपथ घालायची तिला लहानपणापासूनची खोड. कप फोडला, माझी शपथ, बाबांना सांगू नकोस. गणितात नापास, माझी शपथ. पण झोपायच्या आधी ती न चुकता आईच्या पांघरुणात शिरायची आणि कानात म्हणायची, "सुटली." कारण शपथ मोडली तर जिची घातली ती मरते, आणि आईच्या पोटात काही राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. सुटली म्हटलं की मग आई बोलून गेली तरी भीती नाही. शनिवारी मात्र फोन ठेवताना ती सुटली म्हणाली नव्हती.

आज सोमवार. उद्या पहाटे चिन्मयी अंबाल्याच्या रस्त्याला लागणार. चंदीगडहून विमान आहे, रेल्वे आहे. उद्या निघाली तर बुधवारी आईजवळ पोचेल. सांगायचं तर इथेच, आजच, आणि सांगू शकणारं माणूस एकच.

जेवण झाल्यावर चिन्मयीनं पिशवीतून एक वही काढली. कडा फाटलेल्या, वरून रबर लावलेलं. "आजी, ज्या घरी मुक्काम, त्या घरच्यांनी यात काहीतरी लिहायचं. माझा नियम आहे. पण मी आत्ता वाचत नाही हं. कन्याकुमारीला समुद्रासमोर बसून सगळं एकदम वाचणार. लडाखातल्या उपशीच्या काकूंनी त्यांच्या लिपीत काय लिहिलंय देव जाणे. एका ढाबेवाल्यानं दोन पानं लिहिलीत, बहुतेक लग्नाचं विचारलं असेल."

"मधेच वाचलंस तर काय होतं?"

"मजा जाते." तिनं जांभई दिली. "मी जरा आडवी होते. पाचला उठव."

पाचला नलिनीताईंनी दार लोटून पाहिलं. पालथी झोपली होती, एक पाय पलंगाबाहेर. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि तळपाय मात्र अजून लहानपणचेच, गुबगुबीत. त्यांनी उठवलं नाही. दार लोटून स्वयंपाकघरात आल्या आणि नाशिकला फोन लावला.

"पोचली?" गिरिजानं विचारलं.

"पोचली. जेवली. झोपलीय."

"कशी दिसते?"

"काळी झालीय. नाक सोललंय. खूश आहे."

"बघ. म्हणूनच म्हणते. काही विचारलं का?"

"नाही अजून. गिरिजा, सुटली म्हण."

"आई, नको ना."

"सुटली म्हण गं. मी काही लगेच सांगायला जात नाही. पण म्हणून ठेव."

"म्हटलं की तू सांगणार. मला ओळखता येत नाही का तुला?" आणि मग तिचा आवाज जरा वर गेला. "दोन वर्षं रजा साठवली तिनं याच्यासाठी. मध्येच सोडून आली तर पुन्हा नाही व्हायचं. मला माहितीय, पुन्हा म्हणून काही होत नसतं. हे आहेत इथे, नणंद येतेय. ती येऊन काय करणार? बाहेर बाकावर बसणार."

"बसू दे की बाकावर."

"सायकल चालवायचीय तिला त्या हायवेवर. डोक्यात हे घेऊन चालवेल? तूच सांगायचीस ना मला, उडायच्या आधी वाईट बातमी सांगायची नाही. मी दुसरीकडे कुठे शिकले हे?"

गिरिजाला ती गोष्ट माहीत होती, सगळ्या घराला होती. कितीतरी वेळा पाहुण्यांसमोर सांगितलेली. फेब्रुवारीचे दिवस, गिरिजा साडेतीन वर्षांची. दुपारी वाईहून रघुनाथरावांच्या नावानं तार आली, वडील गंभीर, ताबडतोब निघा. दुसऱ्या दिवशी पहाटे रघुनाथरावांना लेहला जायचं होतं. नलिनीताईंनी तार वाचली, घडी केली, आणि तांदळाच्या डब्यात खाली खुपसून ठेवली. संध्याकाळी चेहरा ठीक ठेवला. ते गेले, आणि लेहला हवामान बिघडलं. तीन दिवस तिकडेच अडकले. दुसऱ्या दिवशी दुसरी तार आली. तीही डब्यात गेली. चौथ्या दिवशी ते घरी आले, बूट काढले, चहा घेतला, आणि मग नलिनीताईंनी दोन्ही तारा एकदम त्यांच्या हातात दिल्या. त्यांना तांदळाचा पांढरा भुगा लागला होता. त्यांनी वाचल्या, खिशात ठेवल्या, म्हणाले, "तू बरोबर केलंस."

गोष्ट इथे संपायची. पाहुणे म्हणायचे, काय ती हिंमत.

पण तिचा उरलेला भाग नलिनीताईंनी कुणालाच सांगितला नव्हता. त्याआधी रघुनाथराव घरी आले की दारातच, बुटाची नाडी सोडता सोडता विचारायचे, "टपाल काय?" रोज. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या फेब्रुवारीनंतर पुढे चाळीस वर्षं त्यांनी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत, पुढे तीन बदल्या, एक बढती, गिरिजाचं लग्न, सगळं झालं. फक्त दारात विचारायचं बंद झालं. पत्र आलं की त्या स्वतः होऊन टेबलावर उघडं ठेवायच्या. ते वाचायचे. जाईपर्यंत असंच. जाऊनही सहा वर्षं झाली.

"गिरिजा, त्या तारेचं तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या.

"आई, पुन्हा ती तार नको आता. मला गोळी घ्यायचीय. उद्या ती निघाली की मला कळव." फोन बंद झाला.

नलिनीताई ओट्याशी उभ्या राहिल्या. डबा तोच होता, पत्र्याचा, प्रत्येक बदलीत बरोबर आलेला, झाकणाचा रंग उडालेला. सांगावं, तर ऑपरेशनच्या तोंडावर पोटच्या मुलीची शपथ मोडायची. हल्ली कोण मानतं म्हणा. पण बहात्तर वर्षांचं मन ज्या गोष्टी हसण्यावारी नेतं, त्याच गोष्टींना पहाटे हात जोडतं. न सांगावं, तर काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

चिन्मयी सातला उठली, पुन्हा भात जेवली आणि आठ वाजता पुन्हा झोपायला गेली. जाताना वही टेबलावर ठेवून गेली. "लिही हं आजी. छान काहीतरी."

नलिनीताईंनी चष्मा लावला. रबर बाजूला केलं. बाकीची पानं उलटली नाहीत, ते बरं नव्हे. आपल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, "चि. चिन्मयीस अनेक आशीर्वाद. तुझे आजोबा ज्या डोंगरांवरून पाऊण-एक तासात उडून यायचे, ते तू सोळा दिवसांत पायांनी ओलांडलेस." मग पेन थांबलं. आणि मग त्यांनी खाली, जरा बारीक अक्षरात, आईचं सगळं लिहून टाकलं. गाठ, निकाल, गुरुवार, शपथ. शपथ सांगायची नाही अशी होती, लिहायची नाही अशी नव्हती. वहीला रबर लावलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

ते हलकेपण पलंगावर पाठ टेकेपर्यंत टिकलं. कन्याकुमारी, समुद्र, दीड-दोन महिन्यांनी. सगळं एकदम वाचणार. बाई गं, आपण पुन्हा डब्यातच ठेवली की तार.

पहाटे पहिलं विमान गेलं तेव्हा त्या जाग्याच होत्या. सवयीनं एक मोजलं.

साडेपाचला दोघींनी सायकल खाली उतरवली. चिन्मयीनं बाटल्या भरल्या, टायर अंगठ्यानं दाबून पाहिले, लाडवांचा डबा पुढच्या पिशवीत कोंबला, वही न उघडता त्याच्यावर ठेवली. गेटबाहेर रस्ता मोकळा होता. समोरच्या दुभाजकाला कुणीतरी पाणी घालत होतं. चिन्मयीनं हेल्मेटचा पट्टा लावला आणि सायकलवर टांग टाकायच्या ऐवजी तशीच उभी राहिली.

"आजी, घरी सगळं ठीक आहे ना?"

"का गं?"

"आई हल्ली फोनवर फार गोड बोलते. रागवतच नाही. परवा मी मुद्दाम सांगितलं, दोन दिवस आंघोळ केली नाही, तर म्हणते, असू दे बाळा. माझी आई? असू दे बाळा?"

नलिनीताईंचा चेहरा ठीक होता. चेहऱ्याला इतक्या वर्षांची सवय होती, त्यांना काही करावं लागलं नाही. "दूर आहेस म्हणून असेल," त्या म्हणाल्या.

चिन्मयी त्यांच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. दुकान उघडेल म्हणून वाट पाहिलेल्या माणसासारखी. मग नजर काढून घेतली आणि हातमोजा चढवला.

"ठीकाय. बाबांना विचारलं, तेही असंच म्हणाले. जाऊ दे. नाही विचारणार मी परत."

रस्त्यावर दुधाची गाडी गेली. नलिनीताईंनी हँडल धरलं.

"वही काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वही काढ, आणि मी लिहिलेलं वाच. आत्ता."

"आजी, माझा नियम..."

"मला माहितीय तुझा नियम. वाच."

चिन्मयीनं वही काढली. सायकल आजीच्या हातात आली, चार पिशव्यांसकट, आणि तिचं सगळं वजन नलिनीताईंच्या कमरेवर कललं. चिन्मयी दोन पावलं बाजूला झाली, गेटच्या दिव्याखाली. वरच्या दोन ओळी वाचताना तिच्या ओठांच्या कडा हलल्या. मग ती खालचं वाचायला लागली. हेल्मेटमुळे तोंड दिसत नव्हतं. पान काही उलटायचं नव्हतं, एवढंसंच तर लिहिलेलं होतं, तरी ती वाचतच राहिली. मग फुटपाथच्या कडेवर खाली बसली.

नलिनीताईंना तिच्याजवळ जायचं होतं. पण सायकलला स्टँड नव्हता आणि भिंत चार हात लांब होती. आडवी करायची म्हटलं तर एवढा भार त्यांच्यानं खाली टेकवणं होईना, सोडली तर पडली असती. त्या दोन्ही हातांनी हँडल धरून उभ्या राहिल्या, एखाद्या जनावराला धरावं तशा.

"गुरुवार म्हणजे परवाचा?" चिन्मयीनं विचारलं. मान वर केली नाही.

"परवाचा."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारपासून."

"काल मी जेवत होते तेव्हा माहीत होतं."

"हो."

"झाडाखाली झोपले होते ते मी सांगत होते तेव्हा."

"हो गं."

तू बरोबर केलंस, असं ती म्हणाली नाही. नलिनीताईंना वाटलं, हिनं रडावं, ओरडावं. काय करेल ते सोसू. पण चिन्मयीनं फक्त हेल्मेटचा पट्टा काढला आणि फोन हातात घेतला, आणि त्यात पाहत राहिली. आईला लावतेय की विमान शोधतेय, की पुढचा रस्ताच पाहतेय, इथून दिसत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. मनगटं भरून आली होती. सायकल हळूहळू जड होत होती. नलिनीताईंनी डोळे मिटले आणि नाशिकच्या दिशेनं, ती दिशा कुठली ते ठाऊक नसताना, ओठातल्या ओठात म्हटलं, सुटली. पुन्हा म्हटलं, सुटली. ज्यानं घातली त्यानंच म्हणायचं असतं, दुसऱ्यानं म्हटलेलं चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी म्हणत राहिल्या.

शेवटी चिन्मयी उठली. डोळे कोरडे होते. आजीकडे न बघता ती सायकलच्या मागे गेली आणि खाली वाकली.

"पुढचं चाक तू धर," ती म्हणाली. "वर नेऊ."